मातीची वेळ

मे २०२५. पहाटे पावणेपाचला फोन वाजला. उदगीरला आमचं तिकिटांचं दुकान आहे, तेव्हा अवेळी फोन आला की निम्मं कळतंच. चार वाजता आपला थोरला भाऊ गेल्याचं ओळखीचे एक काका सांगत होते. त्या भावाचा एकुलता मुलगा न्यूयॉर्कजवळ राहणारा.

"मोबाईलवर मुंबई चौदा तास दाखवूलालंय. माती सांच्याला सहाला सांगू का?"

आकडा खोटा नव्हता. न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी नऊशेच्या घरात. भागाकार केला की चौदा तास येतातच. पण ते आकाशातले झाले. घरातून निघणं, दोन-तीन तास आधी विमानतळावर पोचणं, इकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. आणि मुंबईहून उदगीर साडेपाचशे किलोमीटरच्या वर. अकरा तास गाडी. एवढ्या वेळात विमान न्यूयॉर्कहून दुबईजवळ येतं!

"काका, अर्धा तास कुणालाच वेळ सांगू नका," म्हणालो आणि मुलाला फोन लावला. तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजत होते. पहिला प्रश्न पासपोर्टचा. रडणं मागून, आधी तेच विचारावं लागतं.

दिल्लीचा विचार मी केलाच नाही. एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद होतं, वळसा घालून येण्यात तास वाढत होते. मुंबईचं थेट विमान दुसऱ्या दिवशीचं. मग हैदराबाद पाहिलं. नकाशावर न्यूयॉर्कहून ते मुंबईपेक्षा लांबच, पण तिथल्या विमानतळावरून, शमशाबादहून, बिदरमार्गे उदगीर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या भागातल्या माणसाला हे ठाऊक असतं, मोबाईलला नसतं.

रात्री अकराला दुबईचं विमान मिळालं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ. पश्चिमेकडून पूर्वेला येताना उंचावरचा वारा पाठीशी असतो, म्हणून साडेबारा तास. जाताना त्याच वाटेला तास-दीड तास जास्त लागतो. दुबईत अडीच तास थांबा, पुढे साडेतीन तास. हैदराबादला पहाटे तीन. बाहेर यायला चार. उदगीरला नऊ.

हे काकांना सांगणं सगळ्यात जड गेलं. मे महिना, मराठवाड्याचं ऊन, घरात मयत. ते बराच वेळ गप्प राहिले. मग शीतपेटी कुठं मिळेल ते मीच सांगितलं आणि म्हणालो, "उद्या सकाळी दहा सांगा. सहा सांगितलं तर गावोगावचे पाहुणे येऊन बसतील आणि पोरगं तेव्हा आकाशातच असेल."

ओळखीचा ड्रायव्हर रात्री अकरालाच शमशाबादला धाडला. झोप लागली नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी "उतरलो" एवढा एकच शब्द आला.

सकाळी मीही त्यांच्या दारात होतो. नऊ वीसला गाडी आली. पोरगं उतरलं, चपला काढून थेट पेटीपाशी गेलं आणि वडिलांच्या पायावर डोकं ठेवून बसलं. कुणी घाई केली नाही. दहाला काकांनीच त्याला उठवलं आणि विस्तवाचं मडकं त्याच्या हातात दिलं.