पाऊस उतरल्यावरची खरेदी: कोयता, विळी आणि बिडाचा तवा

खंडेनवमीला कोयता, कुदळ, विळी धुऊन-पुसून पाटावर मांडली की त्यांची खरी अवस्था दिसते. चार महिन्यांच्या पावसात पात्याला तांब चढलेली असते, कुदळीचा दांडा नेढ्यात, म्हणजे तो बसतो त्या भोकात, खुळखुळत असतो आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या फावड्याच्या दांड्यात वाळवीने घर केलेलं असतं. पुढे गवत कापायचं, परसात मिरची-वांगी लावायची, आळी नीट करायची. नवीन काही घेण्याचे लाड करायचेच असतील तर हीच वेळ.

किनारपट्टीवर खरेदी करताना एकच प्रश्न विचारायचा: हे घरी दुरुस्त होईल का? खाऱ्या हवेत लोखंड गंजणारच. म्हणून न गंजणारं शोधण्यापेक्षा कानस फिरवून पुन्हा धारेला येणारं, दांडा बदलता येणारं अवजार घ्यावं. स्टेनलेस स्टीलचे कोयते दिसायला चकचकीत असतात, पण स्वस्तातल्यांची धार नारळाच्या दोन सोडणांत बसते आणि घरच्या दगडावर परत येत नाही. चुंबक लावून स्टीलची परीक्षा करणारेही भेटतात. भांड्यांसाठी ती थोडीफार चालते, पात्यासाठी नाही. धार धरणारं स्टेनलेस बहुधा चुंबकाला चिकटतंच.

कोयता लोहाराकडचाच घ्या. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेला असेल तर उत्तम, कारण त्या पोलादात कडकपणा आणि लवचीकपणा दोन्ही असतात. सगळा खेळ पाणी देण्याचा, म्हणजे तापवलेलं पातं बुडवून कडक करण्याचा. पाणी जास्त चढलं तर धार काचेसारखी होते आणि सुक्या फांदीवर घाव बसला की तिचे तुकडे उडून दातरे पडतात. कमी चढलं तर धार मुडपते. दुकानात उभ्या उभ्या हे कळतं: छोटी कानस सोबत न्या आणि धारेच्या अगदी टोकाशी एकदा फिरवा. कानस घसरून नुसती किरकिरली तर पातं फार कडक. खिळ्यावर चालावी तशी खोल चावली तर मऊ. थोडा जोर लावल्यावर बारीक भुकटी निघाली तर घ्या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

मग मूठ बघा. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे वळवलेली असावी. नुसती ठोकून बसवलेली शेपटी लाकूड सुकलं की सुटते, आणि हातातून सुटलेला कोयता कुठे जाईल सांगता येत नाही. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी घट्ट हवी. लाकूड खैराचं किंवा ऐनाचं असेल तर चिंता नाही.

नवीन कोयता बरेचदा अर्धवट धारेचाच मिळतो. तो ग्राइंडरवाल्याच्या हातात देण्याची घाई करू नका. चाकावर पातं तापतं आणि धारेपाशी निळा रंग उमटतो. तो निळा दिसला म्हणजे लोखंड ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि तिथलं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेणं किंवा निळा भाग पूर्ण झिजवून काढणं, एवढेच उपाय. त्यापेक्षा कोयता पाटावर दाबून धरा, सपाट कानस पाठीकडून धारेकडे एकाच दिशेने चालवा आणि परत आणताना उचला. कोन २० ते २५ अंशांचा ठेवा. फांद्या तोडायच्या कोयत्याला त्याहून बारीक धार केली तर ती टिकत नाही. दुसऱ्या बाजूला नखाला जाणवेल अशी कोर उलटली की बाजू बदला. शेवटी कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून पाच-सहा हात. गवत कापायच्या विळ्याला मात्र दगडच पुरे.

जांभ्याच्या जमिनीत नुसत्या कुदळीने खड्डा होत नाही, पहार लागतेच, आणि ती हलकी घेऊन उपयोग नाही. कातळ फुटतो तो तिच्या वजनाने. कुदळीचं नेढं खालून-वरून सारखं गोल नसावं, दांड्याच्या टोकाकडे किंचित रुंद असावं, म्हणजे काम करताना कुदळ आणखी घट्ट बसते. दांडा सैल झाला की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय सोडा. लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट वाटतं आणि सुकलं की आधीपेक्षा सैल होतं. सुक्या लाकडाची पाचर मारा.

जास्वंद, जाई, लिंबू, कढीपत्ता यांच्यासाठी सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, घ्या, तो दोन पाती कात्रीसारखी एकमेकांवरून जाणारा. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारा प्रकार हिरवी फांदी चेंगरतो आणि पावसाळी हवेत ती चेंगरलेली जागाच कुजते. बोटाएवढ्या जाडीपुढे सिकेटर वापरू नये, करवत घ्यावी. चीक लागलेली पाती नुसत्या पाण्याने साफ होत नाहीत. आधी खोबरेल किंवा रॉकेलचा बोळा, मग साबण. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना पाती स्पिरिटने पुसा. ब्लीचनेही जंतू मरतात, पण पात्याचं नुकसान होतं.

जाड फांदी कापल्यावर ती जागा कुजू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावतात. घरापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी. अर्ध्या लिटरमध्ये मोरचूद आणि अर्ध्यात चुना वेगवेगळा भिजवून मग एकत्र करा, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी डब्यात मोरचूद टाकली की तांबं डब्यावरच जाऊन बसतं. याच गुणाचा परीक्षेला उपयोग होतो: घासून लखलखीत केलेलं विळ्याचं पातं तयार पेस्टमध्ये मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. थर आला नाही तर पेस्ट लावायला तयार. परीक्षेनंतर पातं लगेच धुवा.

झेल्याची, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीची, खरेदी आत्ता केली तर एप्रिलमध्ये धावाधाव होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याचं पातं देठ कापतं आणि आंबा जाळीत पडतो. देठासकट काढल्यामुळे चीक सालीवर ओघळत नाही आणि पिकताना काळे डाग पडत नाहीत. जाळी मऊ आहे ना आणि पातं बदलता येतं ना, तेवढं बघा. काठी माणग्याची. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून लांब काठी टोकाला झुलत नाही. अॅल्युमिनियमच्या घड्या घालता येणाऱ्या काठ्या हलक्या असतात हे खरं, पण आपल्याकडे विजेच्या तारा आंब्याच्या फांद्यांमधूनच गेलेल्या असतात. तारेला ती काठी टेकली तर माणूस वाचत नाही. ओल्या बांबूचाही भरवसा धरू नये.

आता घरात येऊ. विळी, म्हणजे मालवणीतला आडाळो, घेताना लोक पातं बघतात. आधी खवणी बघा. दातांवरून नख हळूच ओढलं तर प्रत्येक दात वेगळा लागला पाहिजे. दात बोथट असतील तर खोबरं खवलं न जाता ओरबाडलं जातं, आणि जोर लावला की करवंटीजवळची तपकिरी साल सोबत येते. सोलकढीचा रंग बिघडतो तो त्यामुळे. बारीक दातांची खवणी रसासाठी आणि मोदकाच्या सारणासाठी, मोठ्या दातांची भाजून वाटायच्या खोबऱ्यासाठी. दोन्ही कामं एकीवर करायची तर बारीक घ्या. वर्षाकाठी तिकोनी कानशीने दातांच्या खाचा साफ केल्या की पुरे. कानस आतून बाहेर चालवा आणि प्रत्येक खाचेला सारखेच हात द्या, नाहीतर एखादा दात उंच राहतो आणि खोबऱ्यात चर पाडतो.

पाट फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा, आणि बसल्यावर मांडीखाली दबेल एवढा लांब. घडीच्या विळीचा कणा म्हणजे तिची खीळ. ती रिव्हेट केलेली असेल तर ढिली झाल्यावर काही करता येत नाही. नट-बोल्ट असेल तर पान्याने आवळता येते. ओट्यावर चिकटणाऱ्या, हँडल फिरवायच्या खवणीची हल्ली चलती आहे. खाली बसणं जमत नाही त्यांना ती जरूर घ्यावी. फक्त गुळगुळीत ग्रॅनाइटवर ती धरते, खडबडीत ओट्यावर हवा शिरते आणि भर खवताना सुटते. बसवण्यापूर्वी रबर ओल्या फडक्याने पुसा.

लोखंडी विळीवर केळफूल किंवा कच्चं केळं काळं पडतं, ती विळीची खोड नाही. त्यातला तुरटपणा लोखंडाशी मिळून काळा रंग तयार होतो. चिरलेलं थेट ताक घातलेल्या पाण्यात टाका. फणस चिरण्यापूर्वी पातं आणि हात, दोन्हींना खोबरेल चोळा. नंतर चोळलं तर दुप्पट लागतं.

बिडाच्या तव्याबद्दल सर्वात जास्त तक्रार एकच: घावन सुटत नाही. दोष बहुतेक वेळा तव्याचा नसतो, तो वापरायला घेण्याच्या घाईचा असतो. नवा तवा साबणाने खरवडून धुवा, दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात बुडवा, पाणी रोज बदला. मग पुसून चुलीवर पूर्ण सुकवा. आता तेलाचा हात असा फिरवा की तवा ओलसर दिसेल, आणि लगेच सुक्या फडक्याने जणू चूक झाली असं समजून सगळं तेल पुसून काढा. जे उरतं तेवढंच हवं. धूर येईपर्यंत तापवा, गार करा, आणि हे चार-पाच वेळा करा. प्रत्येक वेळी त्या पातळ थराचं कडक आवरण तयार होतं. तेल जाड राहिलं तर आवरण न होता चिकट राळ होते; ती घासून काढून पहिल्यापासून सुरुवात.

पहिल्या दिवशी कांदा अर्धा कापून काट्याला टोचा, तेलात बुडवून तव्यावर घासा. घावनासाठी १ वाटी तांदळाच्या पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी आणि मीठ, ताकासारखं पातळ. पीठ तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक घावनाआधी ढवळा. शेवटची घावनं जाड आणि चिवट होतात ती न ढवळल्यामुळे. तव्यावर पाण्याचा थेंब नाचला की पीठ कडेकडून मध्याकडे ओता. मध्ये ओतून पळीने पसरायला गेलात तर जाळी पडत नाही, ती रीत आंबोळीची. झाकण घाला, कडा आपोआप उचलल्या की काढा. त्याआधी उलथनं घालू नका.

या तव्यावर चपाती-भाकरी भाजायची नाही. तेलाशिवाय बराच वेळ तापला की आवरण जळतं. कोकम, चिंच, टोमॅटोही नको. शिरवाळ्यांसाठी, म्हणजे तांदळाच्या शेवयांसाठी, सोऱ्या घ्यायचा तर पितळी घ्या, पण दट्टा आणि नळा यांत फट आहे का ते बघा. फट असली तर गरम उंडा खाली न जाता वरून बाहेर येतो.

हे सगळं ठेवायचं कसं? फावडं-कुदळ जमिनीवर टेकवू नका, खुंटीला टांगा, भिंतीपासून चार बोटं लांब. एका बादलीत कोरडी वाळू आणि थोडं जुनं ऑइल मिसळून ठेवा. काम झालं की कुदळ-खुरपं दोन-तीनदा त्यात खुपसा. माती निघते, तेलही लागतं. वाळू नदीची घ्या. समुद्राच्या वाळूतलं मीठच लोखंडाला खातं. विळीला मात्र ऑइल नको, तिला खोबरेल. दांड्यांना अळशीचं तेल किंवा मिळालं तर उंडीचं कडू तेल चोळा. अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना ते स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा, मग टाका.