तात्या, आता कुणाच्या अंगात शिरणार?

आमच्या शोकेसमध्ये एक बाहुली होती. आडवी केली की डोळे मिटायची, आणि पाहुणे आले की तेवढ्यापुरती बाहेर निघायची. 1993 साली ‘झपाटलेला’ बघून आलो, म्हणजे तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा मंत्रानं बाहुल्यात शिरतो तो सिनेमा, त्या रात्री मी तिचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. आई ओरडली, पण पुन्हा सरळ काही तिनंही केलं नाही.

परवा भाचीला तोच सिनेमा दाखवला. वय वर्षं नऊ. माझ्या मनात थोडा दुष्ट आनंद होता, की आता हिची झोप उडणार. कसलं काय! “मामा, बाहुला किती क्यूट आहे!” मात्र सिनेमातल्या लक्ष्यानं, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेनं, डोळे वटारले आणि बोबडी वळून मागं सरकला, की बाईसाहेब हसून हसून सोफ्याखाली.

तिच्याकडे बघताना माझ्या टाळक्यात उजेड पडला. आम्ही घाबरलो होतो ते तात्या विंचूला, असं इतकी वर्षं वाटत होतं. खरं तर घाबरायचं काम आमच्या वतीनं लक्ष्मीकांत बेर्डे करत होता. बाहुला बोलतो तो त्याच्या एकट्यासमोर, चारचौघांत मात्र गप्प. गाव लक्ष्याला वेडा ठरवतं. आपण खरं सांगतोय आणि कुणालाच पटत नाही, यात जेवढं हसू आहे तेवढाच काळजाचा ठोकाही आहे. (त्याचं आडनाव बोलके, आणि धंदा बाहुल्या बोलक्या करण्याचा. असली कोटी मराठी सिनेमाच करू जाणे.)

मग हट्टानं दुसरा भाग लागला. तो 2013 चा. मी तेव्हा थिएटरात थ्रीडीचा चष्मा चढवून पाहिला होता. तात्या जसाच्या तसा. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज. बाहुल्याला वीस वर्षांत ना टक्कल पडत, ना पोट सुटत. भुताचा दुसरा भाग काढणाऱ्यांची ही मोठीच सोय. भाची अर्धा तास बघत होती. मग म्हणाली, “लक्ष्या कधी येणार?”

लक्ष्मीकांत 2004 च्या डिसेंबरात गेला. मी म्हटलं, “येईल पुढं.” आणि उगाच पाणी आणायला उठलो.

पाणी पिताना मंत्राची अट आठवली. बाहुल्यातून सुटायचं तर तात्याला कोणाच्याही देहात शिरता येत नाही. आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच देहात. दुसऱ्या भागात लक्ष्या नाही, म्हणून तो लक्ष्याच्या पोराच्या मागं लागतो. तो पोरगा आदिनाथ कोठारे, दिग्दर्शक महेश कोठारे यांचा मुलगा. जुन्या सिनेमाचं हे असंच असतं. त्यानं गुपित पहिल्यांदा सांगितलं ते आम्हाला, म्हणून तो परत परत आमच्याच अंगात यायला बघतो. ‘ओम फट् स्वाहा’ ऐकलं की आम्ही टाळ्या वाजवतो. टाळी आठवणीला असते, आणि सिनेमावाले ती स्वतःच्या खात्यावर जमा करतात. भाचीच्या अंगात शिरायची वाट त्याला सापडलेली नाही.

अमेरिकेतही हीच गत. तिकडच्या ‘घोस्टबस्टर्स’चा 2021 चा भाग मूळ दिग्दर्शकाच्या मुलानं केला, आणि मूळ सिनेमातल्या, 2014 साली वारलेल्या हॅरॉल्ड रॅमिस या नटाला संगणकाच्या करामतीनं भूत म्हणून पडद्यावर उभं केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण हसू आलं नाही, आणि सिनेमा होता विनोदी.

आता ‘झपाटलेला 3’ यायचा आहे, आणि त्यात लक्ष्याला एआयच्या मदतीनं परत आणायचा बेत महेश कोठारे यांनी बोलून दाखवलाय. मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत असेन, हेही सांगून ठेवतो. फक्त एवढंच वाटतं, की संगणक डोळे हुबेहूब वटारेल, पण तो घाबरणार कशाला? त्याला कुठं मरण आहे? त्यापेक्षा एखादं नवं, मनापासून तंतरलेलं तोंड शोधा. अगदी नवखं चालेल.

दुसरा भाग अर्ध्यावरच राहिला. भाची आत जाऊन बराच वेळ गप्प होती, म्हणून डोकावलो. ती आरशासमोर उभी होती. डोळे मोठ्ठे करायचे, “मा… मा… मामा!” करत दोन पावलं मागं सरकायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.