चार रूबल पगाराचा कारकून

मी दिवाणी कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली. त्यामुळे रशियन नाटककार अलेक्झांडर ओस्त्रोव्स्कीच्या चरित्रात इतर लोक घाईने ओलांडतात त्या पानांवर मी रेंगाळलो.

जन्म १८२३, मॉस्कोत, नदीपलीकडच्या व्यापारी वस्तीत. कायद्याचं शिक्षण १८४३ साली अर्धवट सोडलं आणि वडिलांनी कोर्टात चिकटवून दिलं. पहिल्या कोर्टात घरातले तंटे यायचे, बाप-लेकांचे, वाटण्यांचे. दोन वर्षांनी व्यापारी कोर्टात बदली झाली. पगार सुरुवातीला महिना चार रूबल. तिथे कर्जं, हुंड्या, आणि खोटी दिवाळखोरी. पक्षकार खिडकीशी येऊन काय बोलतो आणि कागदावर काय लिहून देतो, यातली तफावत कारकुनाला रोज ऐकू येते. ओस्त्रोव्स्कीचे संवाद मला तिथूनच आलेले वाटतात.

१८५० साली त्याचं 'आपलीच माणसं, मिटवून घेऊ' हे नाटक छापून आलं. बोल्शोव नावाचा व्यापारी सावकारांना बुडवायला खोटं दिवाळं काढतो, सगळी मालमत्ता आपल्या मुनिमाच्या नावावर करतो आणि मुलगीही त्यालाच देतो. मग म्हातारा खरोखरच कर्जदारांच्या तुरुंगात पडतो. सावकार रुपयाला चार आणे, म्हणजे रूबलला पंचवीस कोपेक घेऊन सोडायला तयार असतात. जावई दहाच्या वर जात नाही. मुलगीही बापाकडे पाठ फिरवते. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. असा बाप मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला पाहिला आहे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

नाटकाच्या प्रयोगावर बंदी आली, लेखकावर पोलिसांची पाळत बसली. १८५१ मध्ये नोकरीही सुटली. पुढे पस्तीस वर्षं तो लिहीत राहिला: 'वादळ', 'जंगल', 'हुंड्याविना', एकूण सत्तेचाळीस स्वतंत्र नाटकं. मॉस्कोच्या माली थिएटरला आजही ओस्त्रोव्स्कीचं घर म्हणतात. नाटककारांना प्रयोगांचे पैसे मिळावेत म्हणून १८७४ मध्ये त्यांची संघटना उभी करण्यात तो पुढे होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'आपलीच माणसं, मिटवून घेऊ' १८६१ साली रंगमंचावर आलं, पण बदल करून. शेवटी जावयाला धरायला पोलीस येतो. मूळ शेवट प्रेक्षकांना दिसला तो थेट १८८१ मध्ये, लेखक अठ्ठावन्न वर्षांचा झाल्यावर. त्यात पोलीस नाही. म्हातारा तुरुंगात परत गेलेला, आणि जावई प्रेक्षकांकडे वळून सांगतो की आम्ही नवं दुकान काढतोय, जरूर या, लहान मूल पाठवलंत तरी त्याला फसवणार नाही.