नाक कुठं गेलं?

कोल्हापूरकराला चित्रातला माणूस माणसासारखाच दिसावा लागतो. यात त्याचा दोष नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यासारखे चित्रकार ज्या गावात होऊन गेले, त्या गावाची नजर लाडावलेलीच असणार. त्यामुळं शाहू स्मारकच्या कलादालनात वर्तुळाचं डोकं आणि त्रिकोणाचं धड असली माणसं टांगली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "हे तर आमचं बारकं पोरगं पण काढंल."

काढेलही. पण अशा माणसात काय गाळलंय यापेक्षा काय ठेवलंय, ते हुडकण्यात खरी गंमत आहे. फर्नां लेजे या फ्रेंच चित्रकाराचं १९१७ चं 'पत्त्यांचा डाव' बघा. लेजे पहिल्या महायुद्धात आघाडीवर होता. त्याचे पत्ते खेळणारे सैनिक म्हणजे नुसत्या नळ्या. हाताच्या नळ्या, बोटांच्या नळ्या, कुठली नळी कुणाची हेही पटकन कळत नाही. चेहरे तर शोधावेच लागतात. पण छातीवरची पदकं नीट ओळखू येतात. लढाई माणसातलं काय शिल्लक ठेवते, ते त्यानं रडगाणं न गाता मांडलंय.

काझिमिर मालेविच या चित्रकाराच्या काही शेतकऱ्यांना तर चेहराच नाही. रशियात शेती सक्तीनं सामुदायिक केली जात होती, त्या सुमाराची ही चित्रं. तरी अर्थ लावताना जरा सबुरी बरी. कोरा चेहरा दिसला की त्यावर 'एकाकीपण' चिकटवायचा जाणकारांना भारी नाद.

आणि आपल्याला हे एवढं जड का जावं? बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर आणि दोन डोळे, एवढंच तर असतं. तिथं हात जोडताना नाक कुठं गेलं म्हणून कुणी विचारत नाही.

मागं एका प्रदर्शनात तालमीतले वाटावेत असे एक आजोबा एका चित्रापुढं थबकले होते. उलटा त्रिकोण, त्यावर थेट टेकवलेलं वर्तुळ, खाली दोन जाड रेघा, त्यातली एक कललेली. खाली नाव नुसतं 'रचना'.

"पैलवान हाय," आजोबा नातवाला म्हणाले.

"कशावरनं?"

"मान कुठं हाय बघ की! आन् वजन फुडच्या पायावर घेतलंय. आता भिडतोय."

मग वाकून त्यांनी किंमत वाचली. "आयला, एवढ्या पैशात दुभती म्हस येती!"