मेजर, मराठा मिळंल काय?

कोल्हापूरच्या राजाराम तलावाकडं मी रोज पहाटे साडेपाचला फिरायला जातो. तिथं पळायला येणारी पोरं मला मेजर म्हणतात. मी रिटायर झालो हवालदार म्हणून, पण आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. खरा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही. पोरांचा प्रश्न मात्र ठरलेला: "मेजर, ग्राउंड निघालं तर मराठा मिळंल काय?" ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा. एखादं धीट असलं तर त्याला जोडून, "तुमाला का न्हाई मिळालं?" त्यांचे आईबाप हेच विचारतात, फक्त आवाज खाली करून: "कुणाला सांगायला लागतंय का?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगतो.

कोल्हापूरच्या पोराला मराठा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. तिचं ट्रेनिंग सेंटर बेळगावला, सकाळी एसटीत बसलं तर जेवायच्या वेळेआधी पोचतो. 1768 साली उभी राहिलेली जंगी पलटण याच रेजिमेंटची पहिली बटालियन. इथं शहरातच टेंबलाईला टेरिटोरियल आर्मीची 109 मराठा आहे. शिरोळ तालुक्यात तर गावाच्या नावातच सैनिक आहे, सैनिक टाकळी. अशा मुलखात पोरगं लहानपणापासून एकच ऐकतं: फौज म्हणजे मराठा. बाकी कुठं गेलं तर 'दुसरीकडं लागला'. मी दुसरीकडं लागलेला. 1994 ला भरती झालो आणि बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरांकडं, खडकीला गेलो.

तर ऐका. पलटण तुम्ही निवडत नाही. फॉर्म भरताना निवडता ती फक्त कॅटेगरी, म्हणजे जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क किंवा ट्रेड्समन. 2023 पासून आधी ऑनलाइन परीक्षा होते आणि ती निघाली तरच ग्राउंडला बोलावतात. आमच्या वेळी उलटं होतं, आधी पळायचं, लेखी शेवटी. मला विचाराल तर आताचं बरं आहे. आमच्या वेळी हजारो पोरं रात्रभर फुटपाथवर झोपून पहाटे उपाशीपोटी पळायची.

ग्राउंडचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पळण्याचे पूर्ण 60 मार्क, आणि 10 बीम, म्हणजे पुल-अप, मारले की 40. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पास व्हायचे. वेळ संपली की पोरांच्या मधोमध दोरी पडते. माझ्या पुढं दोन पावलांवर असलेला कागलचा एक पोरगा दोरीच्या आत गेला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून पळणारा बाहेर राहिला. मी पुढच्या रॅलीत निघालो. जीडीला, म्हणजे जनरल ड्यूटीला, आपल्याकडं 168 सेंटिमीटर उंची लागते, छाती पाच सेंटिमीटर फुगावी लागते, मेडिकलला तळपाय सपाट निघाले की घरी. हे सगळं अकॅडमीवाले शिकवतात. डॉक्टरकडं जाऊन आधीच कान साफ करून घ्या, एवढंच माझ्याकडून. कानातल्या मळापायी लांबणीवर पडलेली पोरं मी बघितलीत.

अलीकडं रॅलीत अ‍ॅडॅप्टेबिलिटी टेस्टही असते. ती मोबाईलवर द्यायची, म्हणून फोन चार्ज करून आणि डेटा भरून न्यायला सांगतात. घरापासून लांब, अनोळखी माणसांत हा पोरगा राहील का, एवढंच त्यातून बघायचं असतं. आमच्या वेळी हे काम खडकीच्या पहिल्या आठवड्यातली रात्र करायची.

आता मुद्द्यावर. मेरिट लागली की एआरओकडं, म्हणजे फौजेच्या भरती ऑफिसकडं, प्रत्येक सेंटरच्या जागा आलेल्या असतात. बेळगावला इतके, नाशिक रोडला तोफखान्यासाठी इतके, खडकीला इतके, अहिल्यानगरला रणगाडेवाल्यांकडं इतके. पूर्वी त्यात वर्गाचाही हिशेब असायचा, कुठल्या रेजिमेंटला कुठल्या समाजाची पोरं घ्यायची ते ठरलेलं. पण मराठा वर्गाच्या जागा फक्त बेळगावला नसायच्या, तोफखान्यातही होत्या आणि सॅपर्समध्येही. म्हणून एकाच गावची, एकाच आळीतली, एकाच दिवशी भरती झालेली दोन पोरं दोन टोकांना जायची. 14 जून 2022 ला अग्निपथ जाहीर झाली, तेव्हापासून 'ऑल इंडिया, ऑल क्लास' हे तत्त्व आलंय. म्हणजे महाराष्ट्राच्या पोराला कुठलंही सेंटर लागू शकतं. डिस्पॅचच्या, म्हणजे सेंटरला रवाना करायच्या दिवशी तुमच्या नावापुढं जे लिहिलं असेल ते तुमचं.

दुसरी वाटणी सेंटरमध्ये होते आणि तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही. इन्फंट्रीत रायफल सगळ्यांच्या हातात. सॅपर्समध्ये रायफल येतेच, वर एक ट्रेड लागतो: सुतार, गवंडी, लोहार, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, डोझरवाला. बेसिक ट्रेनिंग झालं की आमची ट्रेड टेस्ट झाली. मला ड्रायव्हर व्हायचं होतं. कागदावर दातेरी चाकं काढलेली, पहिलं उजवीकडं फिरलं तर शेवटचं कुठं, असले प्रश्न. मग एका शेडमध्ये नेलं. तिथं जुनं डिझेल इंजिन मांडलेलं आणि शेजारी एक सरदार उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, उभे. त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मार।"

मी गुऱ्हाळघरात वाढलेला. ऊस गाळायच्या घाण्याचं इंजिन थंडीत पहाटे मीच चालू करायचो. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही. इंजिन उलटं मारलं तर हँडल हातातून सुटून जातं, वेढा घातलेला अंगठा मोडतो. वडिलांनी हे एकदाच सांगितलं होतं, त्यांचा स्वतःचा वाकडा अंगठा दाखवून. मी हँडल धरलं, तसे उस्ताद म्हणाले, "रहने दे।" इंजिन चालू करूच दिलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. त्याचं हँडल फिरायच्या आत त्याला ओरड बसली, "अंगूठा!" मला डोझर मिळाला. ड्रायव्हर झालो नाही याचं वाईट वाटलं, ते पहिल्यांदा डोझरवर बसेपर्यंत.

तिसरी वाटणी युनिटची, कसम परेडच्या, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घ्यायच्या परेडच्या सुमारास. कुठल्या युनिटला कुठल्या ट्रेडची किती माणसं कमी आहेत, त्याप्रमाणं नावं लागतात. एखाद्याचा बाप किंवा भाऊ त्या युनिटमध्ये असेल आणि त्यानं मागणी केली तर विचार होतो, आमच्या बॅचमध्ये दोघांचा झाला. बाकीच्यांचं नशीब म्हणजे त्या रिकाम्या जागा.

आता वशिल्याचं. माझ्या वेळी वडिलांनी म्हैस विकून एका माणसाला पैसे दिले होते. 'मराठात घालतो' म्हणाला होता. मी पळालो, मेडिकल निघालं, लेखी निघालं आणि लागलो खडकीला. वडील पैसे मागायला गेले तर म्हणतो, "पोरगा भरती झाला न्हवं?" मला पुढं कळलं, तो दहा जणांकडून घ्यायचा. जे स्वतःच्या पायांनी निघायचे त्यांचे ठेवायचा, जे पडायचे त्यांचे परत द्यायचा, वर प्रामाणिक म्हणून नाव. ती म्हैस दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर द्यायची. आई अजून तिचा विषय काढते.

'मराठा न्हाई तर फौज कशाला' असं म्हणणाऱ्या पोरांना मी रामा राघोबा राणे सांगतो. एप्रिल 1948 मध्ये नौशेराकडून राजौरीला जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि पाडलेली झाडं काढत आपल्या रणगाड्यांना वाट करून देणारे सेकंड लेफ्टनंट राणे, परमवीर चक्र. ते बॉम्बे सॅपर्सचे. पोरं ऐकून घेतात. मग विचारतात, "पण मेजर, मराठा?"

आता एक फरक आहे तो लक्षात घ्या. आम्ही आत गेलो की आत होतो. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आणि त्यातल्या 25 टक्क्यांपर्यंतच पुढं कायम. म्हणजे रॅलीत सुरू झालेली परीक्षा चार वर्षं चालूच राहते. मला हे पटत नाही. शेजारचा पोरगा आपला स्पर्धकही आहे हे डोक्यात ठेवून त्याच्याबरोबर बेलीचं, म्हणजे जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचं, पॅनल उचलायचं? ते सहा जणांनी उचलायचं असतं, अडीचशे किलोच्या वर वजन. एकानं ढिलं सोडलं की पाच जणांच्या पायावर. पण माझं मत कुणी विचारलेलं नाही, तुम्ही युनिटचं विचारलंय.

गेल्या डिस्पॅचला आमच्या तलावावरच्या एका पोराला आर्मी एअर डिफेन्स आलं. रात्री अकराला फोन, "मेजर, एडी म्हंजे काय?" आकाशातून येणारं पाडायचं, म्हटलं, सेंटर ओडिशात, गोपाळपूरला. दुसऱ्या दिवशी त्याची आई घरी आली. तिला एडीशी देणंघेणं नव्हतं. "समुद्र हाय म्हनं तितं. भाकरी मिळती काय?"

भाकरीचं अवघड आहे वहिनी, मी म्हटलं. कांदा-लसणाची चटणी द्या, किलोभर. अर्धी उस्ताद खातील, त्या हिशेबानं द्या.