पालथं घालून बघा: कोपनहेगन ते स्टॉकहोम, जुन्या स्टोनवेअरच्या मागे

भांड्याचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचं, हे मला आजीने शिकवलं. तुळशीबागेत लोणच्याची बरणी घ्यायची तर ती आधी पालथी घालायची, बुडावरून बोट फिरवायचं, मग हातावर तोलून टिचकी मारायची. 'ठण्ण' वाजली तर भाव विचारायचा. 'थप्प' वाजली तर दुकानदार कितीही गोड बोलो, खाली ठेवायची. चाळीस वर्षांनी हेच सगळं मी स्टॉकहोमच्या एका चौकात करत होते आणि माझा भाचा लाजून दोन पावलं मागे उभा होता.

२०२३ च्या मे अखेरीस आम्ही नवरा-बायको अकरा दिवस गेलो होतो. तीन रात्री कोपनहेगन, सहा स्टॉकहोम, आणि मध्येच बोटीने हेलसिंकीला एक धावती फेरी. उद्देश एकच, १९३० ते १९७० या काळातलं तिकडचं स्टोनवेअर बघायचं आणि परवडलं तर घ्यायचं. चित्रं पाहून खरेदी करण्याचा मला कंटाळा आला होता. स्टोनवेअरची अर्धी गंमत वजनात आणि स्पर्शात असते, ती पडद्यावर कळत नाही.

आधी थोडं मातीबद्दल. साधी भाजकी माती, म्हणजे आपला माठ, त्याहून बऱ्याच कमी आचेवर, हजार अंशांच्या आतच भाजतात. ती पाणी पिते. स्टोनवेअर बाराशे अंशांच्या वर जातं, माती आतून जवळजवळ काचेसारखी घट्ट होते आणि झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसलेल्या जागीही पाणी फारसं मुरत नाही. आपली वर तपकिरी, खाली पांढरट अशी जी 'चिनीमातीची बरणी' असते, ती स्टोनवेअरच. त्यामुळे हा प्रकार आपल्याला परका नाही. फक्त आपण तो फळीवर मांडला नाही, त्यात मीठ-मोहरी भरली.

कोपनहेगनमध्ये सुरुवात डिझाइनम्यूझियम डॅनमार्कपासून करा. ब्रेडगेडवरची अठराव्या शतकातली जुनी इस्पितळाची इमारत आहे, मार्मोरकिर्केन मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. सोमवारी बंद असतं. दुकानं फिरण्याच्या आधी इथे अर्धा दिवस घालवा, म्हणजे डोळा तयार होतो. अॅक्सेल साल्टो या डॅनिश कलावंताची भांडी इथे पहिल्यांदा समोरासमोर पाहिली. फुटणाऱ्या कोंबांसारखे, फणसाच्या काट्यांसारखे उंचवटे, आणि झिलई त्या टोकांवरून ओघळून खाचेत साठलेली. टोकाला पातळ म्हणून फिकट, खाचेत दाट म्हणून गडद. झिलई भट्टीत वाहते हे वाचून माहीत होतं, पण इथे ते वाहणं दिसतं. साल्टो विकत घेण्याचा विचार आमच्यासारख्यांनी सोडून द्यावा. तो लिलावात जातो आणि तिथले आकडे बघून आपण गप्प बसतो.

माझा जीव जडला तो साक्सबोवर. नाताली क्रेब्स या रसायन अभियंता. १९२९ मध्ये त्यांनी गुन्नर न्यूलुंडबरोबर कार्यशाळा काढली, वर्षभरात 'साक्सबो' नाव आलं, न्यूलुंड १९३१ मध्ये स्वीडनला रॉरस्ट्रांड कारखान्यात निघून गेले आणि क्रेब्सबाईंनी ती १९६८ पर्यंत चालवली. झिलईचं रसायन त्यांचं आणि बरेचसे आकार एवा स्टेअर-नीलसनचे. नक्षी नाही, चित्र नाही. वाडग्याचा काठ जिथे आत वळतो तिथे बोट आपोआप थांबतं, एवढंच. आमच्या ह्यांनी "हे तर नुसतं खाकी आहे" म्हणून हात झटकले. दुसऱ्या दिवशी तेच खाकी उन्हात धरलं तेव्हा त्यात हिरवट आणि जांभळट छटा दिसल्या, मग ते गप्प झाले. तर, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका. दारापर्यंत नेऊन बघू का, असं विचारा. कोणीही नाही म्हणालं नाही.

दुकानांसाठी नोरेब्रो भागातली राव्न्सबोर्गगेड ही गल्ली आहे, नोरेपोर्ट स्टेशनपासून सरोवरावरचा पूल ओलांडून चालत जाता येतं. भाव दुकानाचे आहेत, रस्त्यावरचे नाहीत. पण खुणा शिकायला याहून चांगली जागा नाही, कारण म्हातारे दुकानदार हौसेने सांगतात. बुडावर साक्सबोच्या नावाशेजारी यिन-यांगसारखं चिन्ह असतं. पाल्सहूस या दुसऱ्या डॅनिश कार्यशाळेच्या भांड्यांच्या बुडावर नाव आणि 'पीएलएस' ही अक्षरं कोरलेली असतात. रॉयल कोपनहेगन या पोर्सेलेन कारखान्याची तीन लाटांची खूण तर सगळ्यांना माहीत असते, पण त्या लाटांवरून आडवी ओरखड्याची रेघ गेलेली असेल तर तो माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला आहे, हे फार जणांना माहीत नसतं. दुय्यम वाईट नव्हे. कुठेतरी झिलईत एक टाचणीएवढं भोक असतं, बाकी भांडं तेच. फक्त भाव अव्वलचा देऊ नका.

कोपनहेगनहून स्टॉकहोमला रेल्वेने पाच तासांहून थोडं जास्त लागतं. विमान टाळा. विमानात सामानाच्या वजनाची काळजी, इथे बॅग मांडीवर.

स्टॉकहोममध्ये भाच्याने पहिलाच धक्का दिला. "मावशी, रोकड काढू नकोस, इथे कोणी घेत नाही." अगदी कोणीच नाही असं नव्हतं, पण बरेच जण 'स्विश' या फोनवरच्या पद्धतीने पैसे घेतात आणि तिला स्वीडिश बँकेतलं खातं लागतं. आपल्याकडचं यूपीआय डोळ्यांपुढे आणा, आणि परदेशी पाहुण्याला ते चालत नाही असं समजा. रविवारी होटोरगेट चौकात जुना बाजार भरतो. ज्या निळ्या इमारतीत नोबेल पारितोषिकं देतात तिच्या समोरच. तिथे कार्ड घेणारे विक्रेते थोडे होते. ओळखीचं कोणी असेल तर सोबत न्या आणि त्यांना नंतर पैसे द्या. आणि कोणी मायेने जुन्या सहलीतल्या उरलेल्या क्रोनरच्या नोटा दिल्या तर त्यांच्यावर विसंबू नका. आमच्याजवळच्या शंभराच्या नोटा २०१७ मध्येच बाद झाल्या होत्या.

चार शब्द पाठ करून जा. 'लोप्पिस' म्हणजे जुना बाजार. 'स्प्रिका' म्हणजे तडा, 'होरस्प्रिका' म्हणजे केसासारखी चीर. आणि 'नग्ग'. आपल्याकडे नग म्हणजे वस्तू, तिकडे नग्ग म्हणजे काठाचा उडालेला टवका. चिठ्ठीवर नग्ग लिहिलं असेल तर नग बिघडलेला आहे.

याच बाजारात माझी पहिली खरेदी झाली, आणि ती कुठल्याही नामवंताची नव्हे. होगनेस या दक्षिणेकडच्या गावात एकोणिसाव्या शतकापासून तपकिरी मिठाच्या झिलईचे बुधले करत. भट्टी पुरती तापली की आत मीठ टाकायचं. मिठातल्या सोडियमची वाफ मातीतल्या वाळूशी जुळते आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत चकाकी येते. विक्रेतीला विचारलं, यात काय ठेवत? तिने सांगितलं, खारवलेले मासे, मुरंबे, काकड्या. मी तो बुधला पालथा घातला, टिचकी मारली. ठण्ण. दोनशे क्रोनर, साधारण सोळाशे रुपये.

सोमवार गेला मंगळवार आला आणि आम्ही गुस्ताव्सबर्गला गेलो. (स्थानिक लोक शेवटचा उच्चार 'बेरी' करतात. बर्ग म्हटलं की बसचालकाला दोनदा सांगावं लागतं.) स्लुसेनहून ४७४ क्रमांकाची बस, सुमारे अर्धा तास. बसमध्ये शिरताना बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट झालं. बंदराकाठी जुन्या कारखान्याच्या इमारती आहेत. १८२५ पासूनचा हा कारखाना, १९३७ मध्ये तो सहकारी ग्राहक संघाने घेतला, म्हणजे मालक ग्राहकच. त्यामुळे इथे एका टोकाला कलावंतांची कार्यशाळा आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघराची भांडी, असा संसार होता. आमच्या हॉटेलातल्या कमोडवर हेच नाव वाचून हे खूप हसले होते.

पोर्सेलेन संग्रहालय छोटं आहे, पण दीड तास कसा गेला कळलं नाही. विल्हेल्म कोगे हे कलावंत १९१७ मध्ये इथे आले, त्यांचे शिष्य स्टिग लिंडबर्ग १९३७ मध्ये. लिंडबर्ग म्हटलं की सगळे 'बेरसो'कडे धावतात, ती हिरव्या पानांची नक्षी. १९६१ ते १९७४ या काळात निघाली, आणि नंतर पुन्हा सुरू झाली. ती स्टोनवेअर नाही, आणि तिचे भाव फॅशनने चढलेत असं माझं मत. तिच्यापुढून मी सरळ पुढे गेले आणि बर्न्ड फ्रिबर्गच्या कपाटापुढे थांबले.

फ्रिबर्ग हे मुळात होगनेसचेच, आणि आधी दुसऱ्यांच्या आराखड्यांची भांडी चाकावर ओढून देणारे कारागीर. पंचेचाळिशीच्या आसपास त्यांनी स्वतःच्या नावाने काम सुरू केलं. सशाच्या लोकरीसारख्या बारीक रेघांची झिलई, जिचं मूळ चीनमधल्या सोंग काळातल्या चहाच्या वाट्यांत आहे. त्यांच्या नखाएवढ्या फुलदाण्या तिथे ओळीने मांडल्या आहेत, प्रत्येकीची मान गव्हाच्या दाण्याएवढी आणि तरी सरळ. चाकावर कोणी काम करताना पाहिलं असेल तर कळेल की लहान करणं मोठ्याहून अवघड. बुडावर हाताने कोरलेली सही, कार्यशाळेची पंजाची खूण आणि वर्ष सांगणारं एक अक्षर असतं. ही छोटी भांडी बाजारात दिसली तर आधी ही तिन्ही शोधा.

बाहेर, एके काळी याच कारखान्यात कलावंत असलेल्या लिसा लार्सन यांनी १९९२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सुरू केलेली कार्यशाळा आहे. तिथे त्यांचे सिंह, मांजरं अजून हाताने बनतात. मी एक मांजर घेतलं. पुढच्याच मार्चमध्ये त्या गेल्या. जाण्याआधी संग्रहालयाच्या वेळा पाहून घ्या, रोज उघडं असेलच असं धरू नका.

आता फसल्याची गोष्ट. एका उपनगरातल्या जुन्या वस्तूंच्या दालनात मला न्यूलुंडच्या धाटणीची, रॉरस्ट्रांडची निळी-तपकिरी फुलदाणी दिसली. तेच न्यूलुंड, साक्सबोतून निघालेले. मला एवढा आनंद झाला की पालथी घालून खूण वाचली आणि पुढचं सगळं विसरले. दालनात गाणी लागली होती, लहान मुलं ओरडत होती, टिचकी मारूनही काही ऐकू आलं नसतं. घरी भाच्याच्या शांत स्वयंपाकघरात वाजवली. थप्प. मानेखालून खाली दोन बोटं चीर, आणि काठाचा एक टवका भरून वर रंग दिलेला. परत करायला गेलो तर पावतीवर 'जसं आहे तसं' छापलेलं होतं. बाराशे क्रोनर गेले.

म्हणून सांगते, गोंगाट असेल तर भांडं कानाशी धरून वाजवा, नाहीतर बाहेर न्या. काठावरून नख फिरवा. दुरुस्त केलेली जागा झिलईपेक्षा मऊ आणि किंचित कोमट लागते. गालाला लावून बघितलं तर जास्त कळतं, आणि लोक बघतात ते बघू द्या. छोटी अतिनील किरणांची बॅटरी मिळते, तिच्या उजेडात पुष्कळदा भरलेली जागा वेगळी चमकते. मी ती आता पर्समध्ये ठेवते. ताटलीवर करड्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुतेक वेळा सुरीच्या धातूच्या असतात, खायच्या सोड्याने घासल्या की बऱ्याच जातात. नख अडकलं तर मात्र तो ओरखडा.

हेलसिंकीबद्दल थोडक्यात. रात्रीच्या बोटीने गेलो, दिवसभर फिरलो, पुन्हा रात्रीच्या बोटीने परत. अरेबिया हा भांड्यांचा कारखाना रॉरस्ट्रांडनेच १८७३ मध्ये काढला, तिथलं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं, इमारत मात्र आहे. हिएतालाहतीच्या बाजारात 'रुस्का'च्या सहा ताटल्या मिळाल्या. उल्ला प्रोकोपेंची ही तपकिरी मालिका, रुस्का म्हणजे फिनिश भाषेत शरदातले पानांचे रंग. भट्टीत जागा बदलली की रंग बदलतो, म्हणून दोन ताटल्या सारख्या नसतात. सारख्या शोधत बसू नका. पिठलं-भाकरी त्यात फार छान दिसते.

एक सावधगिरी. खूण माहीत नसलेल्या, एकट्या कलावंताच्या भडक झिलईच्या वाडग्यात आमसुलाचं सार किंवा टोमॅटोचं काही ठेवू नका. जुन्या काही झिलयांत शिसं असतं आणि आंबटाने ते सुटतं. तो वाडगा शोभेला ठेवा. कारखान्याचं जेवणाचं स्टोनवेअर वेगळं.

बांधणी मी स्वतः केली. पोकळ भांड्यात मोजे ठासून भरायचे, बाहेरून साडी गुंडाळायची, ताटल्या आडव्या न ठेवता उभ्या, मध्ये पुठ्ठा. सगळ्यात नाजूक ते हातातल्या बॅगेत. मात्र तिच्या वजनाची मर्यादा आधी बघा, चार भांड्यांत सात किलो कसे होतात ते कळत नाही. पावत्या एका पाकिटात, कस्टमवाल्याने विचारलं तर शोधाशोध नको.

पुण्यात सगळं नीट पोचलं. आईला आधी साक्सबोचा छोटा वाडगा दाखवला, तिने "बरं आहे" म्हणून बाजूला ठेवला. मग होगनेसचा बुधला काढला. तिने काही न विचारता तो पालथा घातला, बुडावरून बोट फिरवलं, टिचकी मारली आणि म्हणाली, "वाजतोय छान. झाकण कुठंय?"