एकाच खोलीत तिसरी, चौथी आणि पाचवी

जून 2022 मध्ये माझी बदली दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत झाली. पटावर 38 मुलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, त्यामुळे पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे आणि तिसरीची 7, चौथीची 9, पाचवीची 6 अशी 22 मुलं माझ्याकडे. खोली एक, फळे दोन. याआधी अकरा वर्षं मी एका वेळी एकच वर्ग शिकवला होता.

पहिला दीड महिना फार वाईट गेला. पाचवीला गुणाकार समजावताना तिसरीला शुद्धलेखन, चौथीला पाढे. तिसरीकडे वळले की पाचवी उतरवून घेण्यात गुंतलेली. दप्तरात तिन्ही वर्गांचं नियोजन नीट लिहिलेलं होतं, पण संध्याकाळी जुळे सोलापूरला घरी परतताना स्कूटरवर मनात यायचं, आज नक्की कोण काय शिकलं? शुद्धलेखन म्हणजे मी त्या मुलांना शांत बसवण्यासाठी दिलेलं काम होतं, हे मला कळत होतं आणि टोचतही होतं. त्यात कोरोनाची दोन वर्षं मध्ये गेलेली. पाचवीतल्या दोघांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती, आणि तिसरीतली मुलं पहिलीत शाळेत जवळजवळ आलीच नव्हती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तिन्ही वर्गांची सगळी पुस्तकं घरी फरशीवर मांडून बसले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने आखले आणि एकेक पाठ लिहीत गेले. अपूर्णांक तिन्हीकडे होते: तिसरीला अर्धा, पाव, पाऊण, पाचवीला थेट सममूल्य अपूर्णांक आणि बेरीज-वजाबाकी. मोजमाप तिन्हीकडे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्या सोलापूर जिल्ह्याचंच, चौथीला नकाशा आणि खुणा. पाणी, अन्न, शेती तर सगळीकडेच. म्हणजे पाठ बरेचसे तेच होते, फक्त इयत्तेगणिक अधिक खोलात जात होते. मी तीन वर्ग वेगवेगळे चालवत होते, आणि विषय मात्र एकमेकांच्या हातात हात घालून उभे होते.

सगळंच जुळलं असं नाही. चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती, पाचवीचा म्हणजे आदिमानव आणि अश्मयुग. ते ओढूनताणून एकत्र केलं असतं तर दोन्हीचं नुकसान झालं असतं. ते मी वेगळंच शिकवलं, आजही वेगळंच शिकवते. इंग्रजीची गाणी आणि संवाद मात्र सगळ्यांचे एकत्र, त्यात काही अडचण आली नाही.

जुळलं त्याची रीत अशी ठरली: सुरुवातीची वीस मिनिटं 22 मुलं गोलात, एकच वस्तू किंवा एकच प्रश्न समोर. मग तीन गट आणि प्रत्येकाचं काम वेगळं. शेवटी पुन्हा गोल, आणि प्रत्येक गटाने आपल्याला काय सापडलं ते बाकीच्यांना सांगायचं. या शेवटच्या गोलाला मी आधी फार महत्त्व देत नव्हते. पण चौथीतला एक मुलगा पाचवीचं ऐकून ऐकून दशांश अपूर्णांक वाचायला लागला, तेव्हापासून मी तो कधीच चुकवला नाही.

भाषेचंही तिथेच सुटत गेलं. अक्कलकोटच्या बाजूची ही गावं, निम्म्या घरांत कानडी बोलतात. तिसरीतल्या एकीला माझं मराठी अर्धं कळायचं. ज्वारीला ती 'जोळ' म्हणायची, पाण्याला 'नीरु'. पाचवीतली मुलगी तिच्याशेजारी बसून कानडीतून सांगायची आणि मराठीतून लिहून घ्यायची. ही पाचवीतली मुलगी वाचनात मागे पडलेल्या दोघांपैकी एक होती. धाकटीला शिकवायचं म्हणून ती तिसरीचं पुस्तक रोज वाचायला लागली. तिला स्वतःला तिसरीचं पुस्तक दिलं असतं तर तिने मान खाली घातली असती. दिवाळीनंतर ती जोडाक्षरं न अडखळता वाचत होती.

आता ज्वारीची गोष्ट सांगते, कारण त्या वर्षातलं सगळ्यात जास्त शिकणं तिथे झालं, माझंसुद्धा.

संक्रांत झाली, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा पाहून मुलं परत आली. रानात हुरडा संपत आलेला, ज्वारी भरत होती. फेब्रुवारीत चौथीतला एकजण घरून एक टपोरं कणीस घेऊन आला आणि त्याने विचारलं, "बाई, यात दाणे किती असतील?" मी त्या दिवशीचं ठरलेलं सगळं बाजूला ठेवलं. वर्तमानपत्र पसरून कणीस चोळलं. तिसरीने दहा-दहाचे ढीग लावले, दहा ढिगांचा एक शतक. नऊ शतक आणि नव्याण्णव झाले आणि ती कानडी बोलणारी मुलगी थांबली. "बाई, आमची संख्या संपली." तिसरीला तीन अंकीच संख्या असतात, तिचं अगदी बरोबर होतं. चौथीतला मुलगा म्हणाला, "आता आमच्याकडं दे." दाणे भरले 1,764. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन 62 ग्रॅम.

पाचवीचा प्रश्न होता, एका गुंठ्यात किती? गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, हे मुलांना माझ्याआधी माहीत होतं. आम्ही शेजारच्या रानात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन दोरीने आखला, तो जवळपास गुंठ्याएवढाच होतो. चौथीने परिमिती काढली, 40 मीटर. पाचवीने क्षेत्रफळ, 100 चौरस मीटर. एका चौरस मीटरमध्ये ज्वारीची ताटं, म्हणजे उभी रोपं, मोजली, पंधरा. म्हणजे गुंठ्यात 1,500 ताटं आणि 26,46,000 दाणे. पाचवीच्या पुस्तकातली सात अंकी संख्या त्यांच्या पायाखाली उभी होती. वजन धरलं तर गुंठ्याला 93 किलो आणि एकराला 37.20 क्विंटल.

रानाचे मालक म्हणजे कणीस आणणाऱ्या मुलाचे आजोबा. मुलांनी त्यांना मोठ्या आनंदाने आकडा सांगितला. ते थोडा वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी पिकली असती तर माझं पोरगं पुण्याला कशाला गेलं असतं? एकराला सात क्विंटल झाली तरी आम्ही नारळ फोडतो. आणि ते कणीस मी बियाण्याला निवडून ठेवलं हुतं."

मुलांचे चेहरे उतरले. गुणाकार तीनदा तपासला, बरोबर होता. मग चूक कुठे? उत्तर मी सांगितलं नाही, मला ते सांगायची फार ओढ होती तरीही. दुसऱ्या दिवशी पाचवीतला एकजण म्हणाला, "बाई, आपण सगळ्यात मोठंच कणीस घेतलं." आजोबांची परवानगी घेऊन आम्ही एका सरीतली ओळीने येतील ती दहा ताटं घेतली. दोन ताटांना कणीसच नव्हतं, बाकीची लहान-मोठी. दहा ताटांचे मिळून दाणे 160 ग्रॅम, म्हणजे ताटाला 16. गुंठ्याला 24 किलो, एकराला 9.60 क्विंटल. आजोबा म्हणाले, "आता जमतंय. वरचं पाखरांचं आणि मळणीतलं."

त्या आठवड्यात तिसरीने हुरडा कसा भाजतात ते लिहिलं, शेंगाच्या चटणीसकट. आणि पाचवीने परिसर अभ्यासातला शेतीच्या सुरुवातीचा पाठ वाचला तेव्हा जिला वाचता येत नव्हतं तिनेच विचारलं, "पहिल्यांदा मोठं कणीस बियाण्याला कुणी ठेवलं असेल?" हजारो वर्षांपूर्वी माणसाने शेती सुरू केली, आणि पिकं सुधारत गेली ती अशाच निवडीतून, टपोरे दाणे पेरणीसाठी राखून. हा पाठ मी याआधी अनेकदा शिकवला होता. त्या दिवशी तो मुलांनी स्वतः आजोबांच्या घरात पाहिलेला होता.

तक्रारही आली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक पालक उठून म्हणाले, "माझं पोरगं पाचवीत हाय. शिष्यवृत्ती परीक्षेला बसायचंय त्याला, आणि तुम्ही त्याला बारक्या पोरांना शिकवायला लावता." मला आधी राग आला, मग घरी विचार केल्यावर त्यांचं म्हणणं रास्त वाटलं. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणं चांगलंच, पण ते माझं काम हलकं करण्यासाठी असता कामा नये. मी त्याला दिवसाला पंधरा मिनिटांची मर्यादा घातली आणि शाळा भरण्याआधीचा एक तास फक्त पाचवीचा ठेवला. तो आधीच ठेवायला हवा होता. ते पालक नंतर रोज सकाळी मुलाला स्वतः सोडायला येत.

मूल्यमापनाच्या नोंदींचं काम मात्र तिप्पटच राहिलं. तिन्ही वर्गांच्या वर्णनात्मक नोंदी वेगळ्या लिहाव्याच लागतात, त्याला वाट सापडलेली नाही.

जून 2023 मध्ये पाचवीची सहा मुलं सहावीसाठी शेजारच्या गावी गेली. पहिल्या दिवशी ती कानडी बोलणारी मुलगी चौथीच्या रांगेत बसली, नवीन पुस्तक उघडलं आणि मराठीत विचारलं, "बाई, आता आमची संख्या कुठपर्यंत?"